जमिनीवरचा नमस्कार

आमच्या वाडीत बाबांच्या क्लासला सगळे कराटेच म्हणायचे. बाबा प्रत्येकाला समजावून सांगायचे, "कराटे नाही हो, हॅपकिडो. कराटे जपानचं, हे कोरियाचं." समोरचा शहाण्यासारखी मान हलवायचा आणि जाताजाता विचारायचा, "मग आमच्या पोराला कराटेला कधीपासून पाठवू?" माझं डोकं फिरायचं. मी म्हणायचे, "नका पाठवू, घरीच ठेवा त्याला." बाबा मला डोळ्यांनी गप्प करायचे आणि हसून त्या माणसाला वेळ सांगायचे.

हातखंब्याच्या नाक्यावरून आत वळलं की थोड्या अंतरावर आमची वाडी. बाबांचं हायवेला दुकान होतं, मोटार रिवाइंडिंगचं. विहिरीवरचे पंप जळले की आजूबाजूच्या गावांतले लोक ते बाबांकडे आणून टाकत. संध्याकाळी दुकान बंद केलं की बाबा हात खसाखसा धुऊन विहाराच्या हॉलमध्ये येत. सकाळी त्याच हॉलमध्ये वंदना व्हायची, संध्याकाळी आम्ही पोरं तिथे धडाधड पडायचो. तरुणपणी बाबा मुंबईला कारखान्यात होते, तेव्हा तिथल्या एका व्यायामशाळेत त्यांना एक उस्ताद भेटले. उस्तादांनी बाबांना पोटच्या पोरासारखं शिकवलं, स्वतःच्या कमरेचा काळा पट्टा सोडून बाबांच्या कमरेला बांधला, आणि बाबांचं नाव वर संघटनेला कळवायच्या आधीच ते वारले. विद्या मिळाली, मान्यता राहून गेली.

मान्यता नाही म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्या मुलांना जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरताच येत नसे. चिपळूणची, दापोलीची मुलं गळ्यात पदकं घालून फोटो काढायची आणि आमची मुलं प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसून वडापाव खायची. एकदा परत येताना एका मुलीने बाबांना विचारलं, "सर, आपलं खोटं आहे काय?" बाबांनी तिला काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, तेवढं आठवतं. माझे बाबा खोटे नाहीत, हे कुणीतरी शिक्का मारून सांगावं, एवढंच मला त्या वयात हवं होतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त हवं होतं, पण ते बोलायचे नाहीत.

बोलायचे ते वेगळंच. पावसाळ्यात मॅटना बुरशीचा वास यायला लागला की त्या उन्हाची वाट बघत भिंतीला लावून ठेवायच्या, आणि त्या दिवशी क्लास म्हणजे बाबांची गोष्ट. गोष्ट एकच, या विद्येच्या मूळपुरुषाची. बाबा त्याला 'तो म्हातारा' म्हणायचे, जसा काही आमच्या वरच्या वाडीतला. खरं तर गोष्टीत तो म्हातारा नसायचाच, पण बाबांनी त्याचा पाहिलेला फोटो म्हातारपणीचा होता.

तर हा म्हातारा मूळचा कोरियाचा. अगदी पोरवयात त्याला जपानला नेलं. तिथे तो एका मोठ्या गुरूच्या घरात राहिला आणि मनगट, कोपर, खांदा कसा वळवला म्हणजे माणूस खाली येतो ते सगळं शिकला, असं तो स्वतः सांगायचा. युद्ध संपल्यावर कोरियात परतला. हातात काही नाही, म्हणून डुकरं पाळली. एके दिवशी डुकरांना कोंडा आणायला दारूच्या कारखान्यावर रांगेत उभा होता. रांग म्हटली की भांडण आलंच, मग ती कोरियात असो की आमच्या रेशन दुकानावर. चारपाच जण अंगावर धावून आले आणि म्हाताऱ्याने एकेकाला मनगटाला धरून खाली बसवलं. कारखानदाराचा मुलगा वरून खिडकीतून बघत होता. तो स्वतः जुडो शिकलेला. त्याने म्हाताऱ्याला वर बोलावून घेतलं आणि म्हणाला, मला शिकवा. तोच पहिला शिष्य. "कोंड्याच्या रांगेतून सुरू झालेली विद्या आहे ही," बाबा म्हणायचे, "राजवाड्यातली नाही."

आणि मग न चुकता पुढचा भाग. जपानच्या त्या गुरूकडे शिष्यांची नावं लिहून ठेवायची पद्धत होती, पण म्हाताऱ्याचं नाव त्यात सापडत नाही. कोण म्हणतं तो शिष्यच होता, कोण म्हणतं घरगडी होता, पाणी भरता भरता बघून शिकला. कोण म्हणतं, दोनचार शिबिरांना गेला असेल, बाकी बाता. आजही त्यावर वाद चालतात. बाबा मॅटवर मांडी घालून बसलेले असायचे. म्हणायचे, "नाव नसेल सापडत. पण मनगट धरलं की समोरचा खाली बसायचा की नाही?" आम्ही पोरं एका सुरात "बसायचा" म्हणायचो. ते कुणाबद्दल बोलतायत हे मला कळायचं.

हॅपकिडोत उभ्याने करायचे डाव जास्त. मनगटाचे पेच, फेकी, लाथा. जमिनीवरचे डाव त्या मानाने कमी, आणि तेही शाळेशाळेगणिक वेगळे. बाबांच्या उस्तादांना मात्र जमिनीवरचेच आवडायचे. ते म्हणत, उभ्याने सगळेच शूर असतात, खाली पडल्यावर काय करतोस ते दाखव. त्यामुळे आमच्याकडे आधी पडायला शिकवलं जाई, हात जमिनीवर सपाट आपटून, हनुवटी छातीला लावून. मग पडल्या पडल्या उभ्या माणसाला खाली आणायचं, एक पाय त्याच्या टाचेमागे अडकवायचा आणि दुसऱ्याने गुडघ्यावर दाबायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे छातीवर कुणी बसलं तर. तेव्हा कोपरं बरगड्यांना चिकटवायची, कंबर उचलून कुशीवर वळायचं, मधल्या फटीतून पाय घालून त्याच्या कमरेवर रोवायचा आणि ढकलून द्यायचं. या सगळ्यात एक नियम सोन्यासारखा जपायचा, हात लांब करायचा नाही. लांब झालेला हात वरच्याच्या मांड्यांमध्ये सापडतो आणि कोपर उलटं वळतं. मग जमिनीवर थाप मारून हार मानायची, नाहीतर कोपर गेलंच.

आमचं घोडं नेमकं इथे अडायचं. पाय रोवला की पाय लागतो. आणि आपल्याकडे पाय लागला की नमस्कार करायचा असतो. समोरच्याला बोटं टेकवायची आणि ती आपल्या छातीला लावायची. आमच्या हॉलमध्ये दोन पोरी जमिनीवर झुंजतायत, एकीने दुसरीला कमरेवर पाय देऊन ढकललं, की लगेच तिची बोटं पुढे. कधी दोघींचे पाय एकमेकींना लागायचे, मग दोघी नमस्कार करून पुन्हा झोंबायच्या. बाहेरच्याने बघितलं असतं तर पोट धरून हसला असता. बाबा हसायचे नाहीत आणि अडवायचेही नाहीत. उलट कुणी विसरलं तर ते नुसते त्याच्याकडे बघायचे.

कारण ती सवय मुळात त्यांचीच. बाबांचा पाय माणसाला लागो, पुस्तकाला लागो, पंपाच्या वायंडिंगला लागो, बोटं जाणार आणि छातीला येणार. आमचे आजोबा त्यांना लहानपणी सांगायचे, "आपल्या माणसांना लोकांनी पायाखाली ठेवलं. आपला पाय कुणाला लागला तर आपल्याला कळलं पाहिजे." बाबांनी ते असं काही अंगात मुरवलं होतं की त्यांना ते करताना कळतही नसे. बोलणं चालू असायचं, हात आपलं काम करून परत यायचा.

शेवटी खूप पत्रव्यवहार झाल्यावर पुण्याहून संघटनेचे एक परीक्षक आले. बाबांपेक्षा वयाने बरेच लहान, बोलायला शांत, वागायला अदबशीर. मी त्यांच्यावर आधीच राग धरून बसले होते, पण माणूस वाईट नव्हता. आईने केलेली कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा त्यांनी मागून मागून खाल्ला. हॉलमध्ये त्यांनी मुलांच्या फेकी, मनगटाचे पेच, जमिनीवरच्या झुंजी पाहिल्या आणि दोनतीनदा "वा" म्हणाले. बाबांना म्हणाले, "सर, असं मनगट आमच्याकडेही कमी जणांना जमतं." बाबांचे कान लाल झाले.

मग ते म्हणाले, "आता जमिनीवरचं तुमच्याबरोबर बघू."

बाबा पाठीवर झोपले, परीक्षक त्यांच्या छातीवर बसले. मी भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी कंबर अशी उचलली की परीक्षक पुढे कलंडले. बाबा कुशीवर, गुडघा आत, पाय कमरेवर, सगळं एका दमात. आता एक धक्का आणि सुटका. धक्का बसला, परीक्षक मागे सरकले, आणि सरकताना बाबांची टाच त्यांच्या जबड्याला लागली.

बाबांचा हात बाहेर आला. बोटं परीक्षकांच्या खांद्याला टेकायला निघाली होती, ती पोचलीच नाहीत. परीक्षक लढत होते, त्यांना समोर एक लांब झालेला हात दिसला आणि त्यांनी तो घेतला. पुढचं मला बघवलं नाही. जमिनीवर थाप पडल्याचा आवाज मात्र ऐकला.

परीक्षकांनी लगेच सोडलं आणि स्वतः बाबांचं कोपर चोळायला बसले. "सर, हात का बाहेर काढलात?" बाबा म्हणाले, "पाय लागला ना तुम्हाला." परीक्षकांनी त्यांचं कोपर एकदा वाकवून, सरळ करून पाहिलं. मग म्हणाले, "सर, मी सोडलं. स्पर्धेत समोरची मुलगी सोडेलच असं नाही. आणि मघाशी पाहिलं, तुमची सगळी मुलं हेच करतायत. उद्या एखादीचं कोपर गेलं तर? पावसाळा संपला की मी परत येतो. तेवढं एक काढा."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. हेच मला इतक्या वर्षांत पचलेलं नाही. चुकलं असतं तर त्यांना शिव्या घालून मोकळी झाले असते.

मुलांची सवय चटकन सुटली. मुलांचं काय, आज शिकतात, उद्या विसरतात. बाबांची काही केल्या सुटेना. मग मीच पदर खोचला. रोज बाबा दुकानातून आले की पडवीत दोन गोधड्या अंथरायच्या आणि मी त्यांच्या छातीवर बसायचं. सुरुवातीला त्यांना फार अवघड जायचं, पाय लेकीला लागतोय म्हणून. मी म्हणायचे, "मी आत्ता लेक नाही, परीक्षक आहे." हात बाहेर आला की मी फटका मारायचे. तरी येईच. शेवटी मी त्यांच्या दोन्ही मुठींत एकेक सुपारी दिली. सुपारी पडली की डाव पुन्हा पहिल्यापासून. पडवीभर सुपाऱ्या गडगडायच्या आणि बाबा ओशाळे होऊन त्या गोळा करायचे.

आई त्याच पडवीच्या कोपऱ्यात सुके बोंबील साफ करत बसलेली असायची. एकदा बाबा आत पाणी प्यायला गेले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "बाय, ती खोड नको गो काढू त्यांची."

मी म्हटलं, "आई, त्यांना मान्यता नको का मिळायला?"

"मिळू दे की. पण ती खोड राहू दे."

मग तिने मला सांगितलं. लग्न होऊन ती मुंबईला गेली, तेव्हा एवढीशी खोली. उठता बसता माणसाला माणूस लागायचाच. पहिल्याच आठवड्यात बाबांचा पाय तिच्या पायाला लागला आणि बाबांनी तिला बोटं टेकवून छातीला लावली. ती घाबरलीच. नवऱ्याने बायकोला नमस्कार केल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वडिलांचा पाय तिच्या आईला लागायचा तो मुद्दाम लागायचा. माहेरी गेल्यावर तिने हळूच आपल्या आईला हे सांगितलं, तर ती माउली म्हणाली, "नशीब काढलंस, बाय." आई म्हणाली, "तेव्हापासून आजवर एकदा पण चुकले नाहीत. भांडण झालं असलं तरी. बोलणं बंद असलं तरी."

मी हसले. "अगं, ते घरी करतीलच. हे फक्त मॅटवरचं." मला खरंच तसं वाटत होतं. आईने पुढचा बोंबील उचलला. बाबा पाणी पिऊन आले आणि मी त्यांच्या मुठींत सुपाऱ्या दिल्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी जित्या माणसाची काढली. गणपती गेले, नवरात्र गेलं आणि एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ सुपारी पडलेलीच नाही. बाबांनी मला कमरेवर पाय देऊन गोधडीबाहेर फेकलं होतं आणि त्यांची दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट होती. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मुठी उघडून सुपाऱ्यांकडे बघितलं. ते खूश होते, मी खोटं कशाला सांगू.

दिवाळीनंतर परीक्षक आले. या वेळी बाबांचा पाय त्यांच्या छातीवर चांगला खणखणीत बसला. हात जागचा हलला नाही. परीक्षक उठून आधी बाबांच्या पाया पडले, मग म्हणाले, "सर, हे आम्हाला शिकवायला पुण्याला या." महिन्याभराने मान्यता आली. पुढच्या हिवाळ्यात आमच्या मुली जिल्ह्याला उतरल्या आणि पदकं घेऊन आल्या. 'आपलं खोटं आहे काय' म्हणून विचारणारी तेव्हा मोठी झाली होती, पण ती रत्नागिरीला मुद्दाम बघायला आली होती. ग्रामपंचायतीने बाबांना शाल घातली. सरपंच भाषणात तीनदा कराटे म्हणाले आणि बाबांनी एकदाही दुरुस्त केलं नाही, इतके ते सुखात होते. त्या दिवशी मला वाटलं, आपण आईबापाचे पांग फेडले.

आता मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि संध्याकाळचा क्लासही मीच घेते. बाबा खुर्ची टाकून बसतात, मनगटाचे पेच सांगतात. आमच्या मुली जमिनीवर भारी आहेत. कुणाचा हात बाहेर येत नाही. नव्या मुलींना तर कधी येत होता हेही माहीत नाही.

घरातलं माझ्या उशिरा ध्यानात आलं. एकदा बाबांच्या पायाला वर्तमानपत्र लागलं आणि ते तसेच पुढे गेले. एकदा शेजारच्या काकांच्या पिशवीला पाय लागला. मी मनात म्हटलं, असेल घाईत.

मग गेल्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, आई पडवीत सुपात वाल घेऊन सोलत बसली होती, पाय लांब करून. तिचे गुडघे आता दुखतात. बाबा तिच्या शेजारी भिंतीला टेकून मोबाइलवर आमच्या एका मुलीची झुंज बघत होते. मी उंबऱ्यात उभी राहून चहा पीत होते. झुंजीत काहीतरी रंगलं असावं, बाबांनी पाय पसरला आणि त्यांची टाच आईच्या नडगीला लागली. चांगलीच लागली.

आईचे हात सुपात थांबले. तिने मान वळवली नाही. नुसती थांबली. मला कळलं ती कशासाठी थांबलीय. बाबांची नजर मोबाइलवरच होती. हात बाहेर आला नाही. उलट कोपर आत ओढलं गेलं आणि बरगडीला चिकटलं, अगदी मी शिकवलं होतं तसं.

आईने ते तिरक्या नजरेने बघितलं. मग तिने हळूहळू दोन्ही पाय जवळ घेतले, गुडघे दुखत असताना मांडी घातली आणि वाल सोलायला लागली. बाबांना यातलं काही कळलं नाही. माणूस तोच आहे. आजही आईला ताप आला तर रात्रभर उशाशी बसेल. पण ते एक गेलं आणि ते गेल्याचं त्यांनाच माहीत नाही. ते मी घालवलं याचं मला किती वाईट वाटतं, ते त्यांना सांगायची सोय नाही.

आई सूप घेऊन आत गेली, तशी मी तिच्या मागे गेले. म्हटलं, "आई, मी बाबांना सांगते. एकदा नुसतं आठवण करून दिली तरी..."

तिने वाल पाण्यात टाकले, हात धुतले.

"नको गो," ती म्हणाली. "सांगितल्यावर कोण पण करील."